पाचव्या ‘का’चं उत्तर

जगात कोणतीही गोष्ट कारणाशिवाय घडत नाही, आणि चाकणच्या कारखान्यांत कोणतीही गोष्ट मशीनवरच्या ऑपरेटरशिवाय घडत नाही. पहिलं सत्य थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. दुसऱ्या सत्याची पाटी एमआयडीसीत कुठे लावलेली दिसत नाही. पण हवा आहे म्हणून कोणी हवेची पाटी लावतं का?

हे दुसरं सत्य हुडकून काढण्याच्या शास्त्राला ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात. शास्त्र जपानचं. काही बिघडलं की तक्ता घ्यायचा आणि पाच वेळा ‘का?’ विचारायचं. तिकडे म्हणे पाचव्या ‘का’पर्यंत पोचता पोचता भल्याभल्यांना घाम फुटतो. आपण ते शास्त्र सुधारून घेतलं. आपल्याकडे पाचवं उत्तर तक्त्यावर आधीच छापलेलं असतं: ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’. हुशार माणसाने फक्त तिथून मागं मागं चालत पहिल्यापर्यंत यायचं. पार्ट वाकडा आला. का? साच्याची डाय झिजली. का? बदलली नाही. का? दुसरी नव्हती. का? मागवली नाही. का? ऑपरेटरने आठवण केली नाही. एका कारखान्यात कॅन्टीनच्या आमटीत झुरळ निघालं, तर पाचव्या ‘का’ला सिद्ध झालं की ऑपरेटर जेवायला आला म्हणूनच आमटी करावी लागली होती. (त्याला प्रशिक्षण देण्यात आलं. तो आता डबा आणतो.)

या शास्त्रातला चाकण पट्ट्यातला सर्वांत मोठा अधिकारी माणूस म्हणजे यशवंतराव. उभी हयात क्वालिटीत गेली. निवृत्त होऊन निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यात बसले, पण शास्त्र स्वस्थ बसू देईना. एकदा गॅसवर दूध उतू गेलं. यशवंतरावांनी तक्ता काढला. पाचव्या ‘का’ला घरातला एकमेव ऑपरेटर निघाला, तो म्हणजे कौशल्याबाई, त्यांच्या सौभाग्यवती. दुसऱ्याच दिवशी यशवंतराव नवी नोकरी शोधायला घराबाहेर पडले. आपणहून पडले असं ते सांगतात.

नोकरी मिळाली ताथवड्यात, अण्णासाहेबांच्या ‘भैरवनाथ जीनोम सर्व्हिसेस’मध्ये.

अण्णासाहेब जुने ताथवडेकर. जिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी उभी राहायची, तिथे आता काचेची सहा मजली इमारत उभी आहे. तिच्यात एक आयटी कंपनी भाड्याने होती. ती एका शुक्रवारी गेली आणि खुर्च्या मागे ठेवून गेली. रिकामी खुर्ची अण्णासाहेबांना बघवत नाही. “बसायला मान्सं पायजेत,” ते म्हणाले, “काम काय बी असंना.” तेव्हा एका भाच्याने सांगितलं की परदेशात एक महाकोश आहे, त्याला माणसाच्या शरीरातली कार्यकारणं लिहून पाहिजेत. अण्णासाहेब म्हणाले, “लिव्हू की. मान्साच्या शरीरातच लिव्हायचंय ना, दुसऱ्याच्या जमिनीत तर न्हाई?”

काम असं. आपल्या पेशीपेशीत हजारो प्रथिनं राबत असतात. एकाच्या कामाने दुसऱ्याचं काम सुरू होतं, तिसऱ्याचं थांबतं. शास्त्रज्ञ प्रयोग करून हे निबंधांत लिहितात. निबंध इतके होतात की दुसरे शास्त्रज्ञ ते वाचत नाहीत. म्हणून ते वाचायला ताथवड्यात एमएस्सी झालेल्या मुली बसवल्या. मुलींनी निबंध वाचायचा आणि संगणकावर एक आकृती काढायची. तिला ऑफिसात सगळे ‘फळा’ म्हणत. फळ्यावर खोकी. प्रत्येक खोक्यात तीन ओळी: कोण, काय काम करतं, कुठे. मग या खोक्यातून त्या खोक्यात बाण. थेट चालना देणारा बाण वेगळा, थेट अडवणारा वेगळा, आडून-आडून करणारा वेगळा. आणि ‘याच्या आधी घडतं एवढं नक्की, पुढचं देव जाणे’ असाही एक. बाणाला पुरावा लागतो. पुराव्याचे वर्ग असतात. सर्वांत वरचा ‘प्रयोगात प्रत्यक्ष दिसलं’. सर्वांत खालचा ‘तज्ज्ञाला वाटलं म्हणून’. (या खालच्या वर्गावर आपल्याकडे उड्डाणपूल बांधले जातात, पण महाकोशाचे लोक संकुचित आहेत.) पुराव्याशिवाय बाण मारला की फळा लाल होतो आणि लाल फळ्याचे पैसे येत नाहीत.

श्रद्धा ओव्हाळला हे काम वेड्यासारखं आवडायचं. ती भोसरीची, रोज दोन शेअर रिक्षा आणि एक बस करून यायची, आणि खुर्चीत बसली की भुकेल्यासारखी निबंधांवर तुटून पडायची. लहानपणी रविवारी विहारात ऐकलेलं तिच्या कानात पक्कं बसलं होतं: हे असेल तर ते असतं, हे नसेल तर ते नसतं. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट प्रयोगशाळेतले लोक उंदरांवर करून बघत होते. एक जीन काढून टाकायचा आणि बघायचं. काढल्यावरही तेच घडत राहिलं, तर तो बिचारा जीन निर्दोष. एवढं साधं! श्रद्धाला वाटायचं, जगातली सगळी भांडणं या फळ्यावर आणावीत. ती एमएस्सी असली तरी अजून कोवळी होती.

यशवंतराव क्वालिटी हेड म्हणून आले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात भैरवनाथाचा फळा बघून कपाळावर हात मारला.

“यात शेवटी जबाबदार कोण, ते कुठे आहे?”

“सर, जबाबदार असं नसतं,” श्रद्धा म्हणाली. “एकामुळे दुसरं होतं एवढंच.”

“अहो, मग रिपोर्ट क्लोज कसा करायचा? प्रत्येक आकृतीत एक दोषी पाहिजे. नाव, खाते, सही.”

झालं. यशवंतरावांनी एका आठवड्यात सगळ्या आकृत्या तपासल्या आणि त्यांना एक जण सापडला. त्याचं नाव पी-त्रेपन्न. कर्करोगाची कुठलीही आकृती उघडा, हा हजर. फुप्फुस असो, आतडं असो, स्तन असो, हा आहेच.

“सवयीचा गुन्हेगार,” यशवंतराव म्हणाले.

“सर, तो वॉचमन आहे. पेशीत काही मोडतोड झाली की तो काम थांबवतो. तोच बंद पडला की कॅन्सर माजतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव येतं.”

“वॉचमन होता, तरी चोरी झाली?”

“तो बंद पाडलेला होता, सर.”

“बंद पडेपर्यंत काय करत होता?”

यावर जीवशास्त्रात उत्तर नाही. सबब पुढच्या एकशे बारा आकृत्यांत पी-त्रेपन्नच्या खोक्यात ‘काय काम करतं’ या ओळीत ‘दुर्लक्ष’ असं भरण्यात आलं. सुधारणा म्हणून ‘प्रथिनास समज द्यावी’ अशी टीप जोडली गेली. शेजारच्या खुर्चीवरची दिपाली हसून हसून टेबलाखाली गेली. “श्रद्धे, समज देणार कशी? मराठीत की इंग्रजीत?” यशवंतरावांनी ते ऐकलं आणि गंभीरपणे सांगितलं की जी भाषा त्याला समजते त्या भाषेत.

महाकोशाकडून पंधरवड्यात मेल आला. एकशे बारा लाल फळे परत. खाली एकच प्रश्न: ‘दुर्लक्ष कोणत्या प्रयोगात मोजले?’

अण्णासाहेबांनी मेल दोनदा वाचून घेतला. “यशवंतराव, ह्ये परदेशी लोक आपल्याला काय इचारत्यात?”

“पुरावा मागतात.”

“आन् आपल्याकडं काय हाय?”

“अनुभव.”



इकडे भोसरीच्या ओव्हाळांचा एक हातमोजा जखमी झाला होता.

श्रद्धाचे पप्पा, धम्मरत्न ओव्हाळ, चाकणच्या ‘सुयोग प्रेसिंग’मध्ये पॉवर प्रेसवर होते. प्रेस म्हणजे वरून दणका बसतो आणि खाली पत्र्याचा पार्ट होतो. ते मोटारीच्या पुढच्या दाराच्या बिजागरीची पट्टी काढायचे. माणूस बोलघेवडा, बढाईखोर, गल्लीतल्या प्रत्येक वादात न बोलावता पंच. रस्त्यात त्या मॉडेलची गाडी दिसली की दाखवणार: “ती बघ, माझी पट्टी चालली!” चालवणारा कोण हा किरकोळ मुद्दा.

एका शिफ्टला प्रेस खाली आली तेव्हा पप्पांच्या उजव्या हातमोज्याची दोन बोटं आत राहिली. मोज्यातली बोटं वेळेवर बाहेर आली होती. आता शहाण्या माणसाला यात आनंदाची बातमी दिसेल. कारखान्याला नुकसान दिसलं: हातमोजा एक, उजवा, कंपनीच्या मालकीचा. शिवाय प्रेस थांबली होती ती वेगळी. बोटं तुटली असती तर सरकारी कार्यालयात कळवावं लागलं असतं, फळं घेऊन दवाखान्यात जावं लागलं असतं, माणुसकी दाखवावी लागली असती. ती सगळी जबाबदारी धम्मरत्न ओव्हाळांनी हात मागे घेऊन टाळली होती. तेव्हा त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसवण्यात आलं. ‘सवयीचे दुर्लक्ष’ शाबीत झालं तर निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली असताना त्यांना बाहेर काढता येणार होतं, आणि त्यांच्या जागी उद्या दोन कंत्राटी पोरं उभी करता येणार होती.

चौकशी अधिकारी म्हणून बाहेरून एक नामांकित तज्ज्ञ नेमले. कोण, ते सांगायला नकोच. यशवंतराव संध्याकाळी मोकळे असायचे.

घरी बसलेले पप्पा ही श्रद्धाच्या आईला, कस्तुराबाईंना, झालेली स्वतंत्र दुखापत होती. त्यांनी तीन दिवसांत मिक्सर उघडून दुरुस्त केला आणि तो कायमचा गेला. उरलेल्या वेळात ते शोरूमला फोन करायचे. ओव्हाळांनी गाडी बुक केली होती, त्याच मॉडेलची, पट्टीवाली. विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ती घेऊन सगळ्यांनी देहूरोडच्या विहारात जायचं असं दोन वर्षांपासून ठरलेलं.

“हॅलो, ओव्हाळ बोलतोय. त्याच दिवशी पाहिजे बरं का. एक दिवस इकडेतिकडे चालणार नाही. सकाळीच सांगितलं होतं? मग आता परत सांगतो.”

“अहो, नोकरी राहते का नाही त्याचा पत्ता नाही,” कस्तुराबाई आतून म्हणाल्या, “आणि गाडीची घाई कसली करताय?”

“नोकरी जाईल तर गाडी तरी येऊ दे! आणि श्रद्धे, तुझा तो साहेब काय विचारतो ते आधी सांगून ठेव. मी पाठ करून जातो.”

“पप्पा, ते काही विचारत नाहीत. त्यांना उत्तर माहीत असतं.”

संकटात माणसाला दोन गोष्टी सुचतात, देव किंवा धंदा. अण्णासाहेबांना दोन्हीची सवय होती. महाकोशाचे पैसे अडकल्यावर त्यांनी जाहीर केलं: “परदेशी लोकान्ला आपली कदर न्हाई. ह्योच फळा चाकणला इकू. तितं रोज काय ना काय मोडतंय. कारन काढायचं मशीन म्हनून इकू.” आणि यशवंतरावांना लगेच गिऱ्हाईकही आठवलं. सुयोग प्रेसिंग. प्रात्यक्षिक कशावर? हातमोज्यावर. फळा कोण चालवणार? श्रद्धा ओव्हाळ.

“सर,” ती म्हणाली, “ते माझे वडील आहेत.”

“म्हणूनच,” यशवंतराव म्हणाले. “घरचं प्रकरण, माहिती लवकर मिळेल.”

(अशा ठिकाणी इतर देशांत हितसंबंध वगैरे शब्द वापरतात. आपल्याकडे ओळख म्हणतात, आणि ती नसेल तर कामच होत नाही.)

प्रात्यक्षिक सुयोग प्रेसिंगच्या मीटिंग हॉलमध्ये झालं. भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ अशी पाटी होती. ती इतकी उंच लावली होती की वाचायला शिडी लागली असती, आणि शिडीवर चढणं सुरक्षेत बसत नाही. प्लांट हेड ओंकारसाहेब तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमुळे तासभर उशिरा आले. या एका गोष्टीचं कारण मात्र कोणी काढलं नाही. अण्णासाहेब पांढऱ्या शुभ्र कपड्यांत पुढच्या खुर्चीत बसले. धम्मरत्न ओव्हाळांना आरोपी म्हणून दाराजवळ बसवलं होतं. त्यांनी लग्नातला कोट घातला होता.

“पहिलं खोकं घ्या,” यशवंतरावांनी श्रद्धाला सांगितलं. “हातमोज्याची दोन बोटं कापली जाणे. घेतलं? आता मागचं खोकं. कोण: धम्मरत्न ओव्हाळ. काय काम करतं: दुर्लक्ष. कुठे: प्रेस क्रमांक सात. मारा बाण.”

श्रद्धाने बाण मारला. भिंतीवरचा फळा लालभडक झाला. खाली अक्षरं उमटली: ‘दुर्लक्ष हे कार्य नाही. काय केले ते लिहा.’

“दुर्लक्ष केले, असं लिहा.”

लाल.

“लक्ष दिले नाही.”

लाल. ‘जे झालेच नाही त्यातून बाण निघत नाही.’

दाराजवळून आवाज आला, “वा रे पठ्ठ्या!” कोटवाल्या आरोपीला समज देण्यात आली.

“सर, पुरावा कोणता घालू?” श्रद्धाने विचारलं.

“पस्तीस वर्षांचा अनुभव घाला.”

श्रद्धाने ‘तज्ज्ञाला वाटलं म्हणून’ हा वर्ग निवडला. लाल रंग गेला. त्या जागी एक फिकट, तुटक रेघ आली, मधे मधे तुटलेली, दमेकऱ्याच्या श्वासासारखी. यशवंतराव उठून त्या रेघेपाशी गेले.

“तुटक? माझा बाण तुटक?”

“ठळक करायचा तर प्रयोग लागतो, सर. तुम्ही केलाय की तो.”

“मी?”

“जीन काढून बघतात ना, तसं तुम्ही ऑपरेटर काढून बघितलात. पप्पांना घरी बसवलंत. त्यानंतर प्रेस सातवर काय झालं?”

ओंकारसाहेबांनी घसा साफ केला. “ओव्हाळांच्या जागी ज्योतीरामला उभं केलं होतं.”

“त्याचा हातमोजा?”

“...गेला. म्हणजे, करंगळीच फक्त.”

“आणि त्याच्यानंतर जे उभे राहिले?”

“त्यांचापण. पण मॅडम, तेही निष्काळजी असू शकतात.”

“जीन काढला, तरी रोग तसाच,” श्रद्धा म्हणाली आणि तिने तुटक बाण पुसला. फळा पुसायची परवानगी लागते हे यशवंतरावांना आठवलं, पण तोपर्यंत ओंकारसाहेबांच्या तोंडून आणखी एक वाक्य निसटलं होतं. रविवारी देखभालवाले प्रेसचा सेन्सर चालू करून बघतात. तेव्हा मात्र काही कापलं जात नाही, हात आत गेला की प्रेस आपोआप थांबते.

“एरवी सेन्सर बंद असतो?”

“चालू असला की प्रेस सारखी थांबते ना. पार्ट कमी निघतात.”

वॉचमन होता, बंद पाडलेला होता. श्रद्धाने खोकं काढलं, बाण मारला. ‘प्रयोगात प्रत्यक्ष दिसलं.’ फळ्यावर अंगठ्याएवढी जाड, काळीभोर रेघ उमटली आणि अण्णासाहेब खुर्चीत पुढे सरकले. “आयला, ह्यो दिसतुया बरं का!”

“आता सेन्सर बंद कुणी केला ते खोकं,” श्रद्धा म्हणाली.

यानंतर जे झालं त्याची नोंद व्यवस्थापनशास्त्रात व्हायला हवी. आयुष्यभर ज्या माणसांनी चूक खालच्याकडे ढकलली होती, त्यांना पहिल्यांदाच वरच्याकडे ढकलायची सोय मिळाली, आणि त्यात लहान मुलांसारखी मजा येऊ लागली. ओंकारसाहेबांना कळलं की मागे एक बाण निघाला की आपण शेवटचे राहत नाही. ते उठून उभे राहिले. “बंद करायचा मेल माझाच आहे! पण मला टार्गेट दिलं मालकांनी. त्यांचा मेल आहे, घाला पुरावा!” जाड रेघ. “मालकांना मोटार कंपनीने दिलं!” जाड रेघ. “मोटार कंपनीला शोरूमवाल्यांनी. दसऱ्याच्या आत एवढ्या गाड्या पाहिजेत म्हणून!” यशवंतरावांनाही राहवेना, सगळं विसरून तेच ओरडले, “का? शोरूमला का?” आणि अख्खा हॉल एका सुरात म्हणाला, “गिऱ्हाईक!”

सगळे सुटल्यासारखे खुर्चीत टेकले. अण्णासाहेबांनी कपाळाला हात लावला. “गिऱ्हाईक म्हंजे द्येव. द्येवाला कोन नोटीस काढनार? मिटलं.”

“पुरावा पाहिजे,” श्रद्धा म्हणाली. “गिऱ्हाईक घाई करतं याचा.”

ओंकारसाहेब आता पुराव्यावर इतके खूश होते की त्यांनी तिथूनच शोरूमला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बोलणारी पूनम नावाची मुलगी होती. “घाई? अहो सर, विचारू नका. सगळ्यांना दसराच पाहिजे. एक गिऱ्हाईक तर दिवसातून तीनदा फोन करतं. ओव्हाळ म्हणून. झोपेतपण त्यांचा आवाज येतो मला.”

दाराजवळच्या कोटाने मान खाली घातली.

यशवंतराव ताडकन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर पस्तीस वर्षं एकदम परत आली. “ऑपरेटर!” ते ओरडले. “बघा! फिरून फिरून ऑपरेटरच! म्हणालो नव्हतो?”

आता इथे दुसरी एखादी मुलगी फोन कट करून मोकळी झाली असती. श्रद्धाने एकदा पप्पांकडे बघितलं. हे असेल तर ते असतं. तिने खोकं काढलं. कोण: धम्मरत्न ओव्हाळ. काय काम करतं: शोरूमला फोन. कुठे: भोसरी. पुरावा भक्कम होता. तिने स्वतःच्या हाताने बाण मारला. फळ्यावरचं शेवटचं टोक पहिल्याला जाऊन मिळालं आणि सगळी आकृती हिरव्या कड्यात लखलखली: ‘चक्र पूर्ण.’

“पण सर,” ती म्हणाली, “ज्याने ज्याने दसऱ्याची गाडी मागितली, त्या प्रत्येकाचा बाण काढावा लागेल. एकाचाच काढला तर फळा लाल होतो. पूनमताई, ऐकताय ना? आणखी कोण कोण आहे?”

“यादी मोठी आहे मॅडम. थांबा हं, वाचते. ताथवड्याचे अण्णासाहेब, दोन गाड्या...”

“येक जावयाची हाय,” अण्णासाहेब घाईने म्हणाले.

“...निगडीचे यशवंतराव. त्यांच्या मिसेसना मोती रंग पाहिजे. सुयोग प्रेसिंगचे ओंकारसर...”

ओंकारसाहेबांनी स्पीकर बंद केला. पण श्रद्धाची बोटं थांबली नव्हती. फळ्यावर खोकी फुटत होती, बाण एकमेकांवरून उड्या मारत होते, अण्णासाहेबांचा बाण दुप्पट जाडीचा आला, कौशल्याबाईंचा मोती रंगाचा येतो की काय असं वाटून गेलं. आणि तो सगळा हिरवा, लखलखीत पसारा शेवटी एका फाटक्या हातमोज्यावर येऊन टेकत होता. दाराजवळ पप्पा हसायला लागले. मग ओंकारसाहेब. मग अण्णासाहेब पोट धरून. यशवंतराव सर्वांत शेवटी हसले, आणि त्यांना ते नीट जमलं नाही.

अहवाल असा: ‘मूळ कारण: ग्राहक. ग्राहक हा देव असल्याने त्यास प्रशिक्षण देता येत नाही. सबब प्रकरण बंद. श्री. ओव्हाळ यांना तात्काळ कामावर रुजू करून घ्यावे. त्यांस नवीन हातमोज्यांचा जोड द्यावा. सेन्सर दसऱ्यानंतर चालू करण्यात येईल.’

शेवटचं वाक्य परत वाचा. त्या हॉलमध्ये कोणालाही ते परत वाचावंसं वाटलं नाही. अण्णासाहेबांनी फळा विकलाही. सुयोग प्रेसिंगने घेतला, पण अट घालून: कारण काढायचं बटण ठेवा, पुरावा मागायचं काढा.

घरी पप्पांनी कोट काढून खुंटीला लावला. “श्रद्धे, म्हणजे मी दोषी का निर्दोष? गल्लीत काय सांगू?”

“दोन्ही. पण एकटे नाही.”

“मग उद्यापासून परत सातवर. नवीन ग्लोज दिलेत, बघ, जाड आहेत.”

श्रद्धाने ते हातात घेतले. दहाही बोटं शाबूत होती. नव्या वस्तूची अशीच असतात. दसरा अजून लांब होता.

ती म्हणाली, “पप्पा, आपली गाडी दिवाळीनंतर घेऊ.”

“अगं! देहूरोडला काय शेअर रिक्षाने जायचं?”

“इतकी वर्षं कशाने गेलो?” कस्तुराबाई आतून म्हणाल्या. “हात जोडायला बोटं लागतात, गाडी लागत नाही. कर गं फोन.”

श्रद्धाने फोन केला. पूनमला दोनदा सांगावं लागलं. “मॅडम, उशिरा द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. तेवढी एक गाडी टार्गेटमधून कमी करा.”

“कमी कशी होईल? वेटिंगला आहेत ना एक जण. रोज विचारतात. आत्ताच कळवते, किती खूश होतील!”

ते खूप खूश झाले. दसऱ्याला सकाळीच त्यांनी गाडी घरी आणली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, सोसायटीत पेढे वाटले, सगळ्या ग्रुपवर फोटो टाकले. त्यांनी ओव्हाळांची ही गोष्टही वाचली आहे. यशवंतरावांना तर ते फार हसले. असे लोक असतात, असं म्हणाले.

तर वाचक महाशय, आपल्या नव्या गाडीचं पुढचं डावं दार उघडताना हाताला एकदा बिजागरीची पट्टी लागू द्या. छान, गुळगुळीत आहे. फळ्यावर एक खोकं अजून रिकामं आहे आणि ‘कोण’ या शब्दापुढे कर्सर लुकलुकतो आहे. नाव आरसी बुकावर आहे तसंच सांगा, खाडाखोड चालत नाही.